कॅप राउंड, कटऑफ आणि "सेकंड इयरला ट्रान्सफर मारतो": आत नेमकं काय चालतं

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पहिल्या राउंडची अलॉटमेंट लागली त्या रात्री माझा भाचा आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला आला. काखेत लॅपटॉप, तो भिजू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि मागोमाग माझी ताई. चपला काढायच्या आतच ताई म्हणाली, "अगं ते कॉलेज गेल्या वर्षी ९१ ला बंद झालं होतं ना, मग याला ९२.४ असून का नाही मिळालं?" भाचा काही बोलला नाही, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला, स्क्रीनवर त्याने भरलेल्या यादीतल्या अकराव्या नंबरचं कॉलेज दिसत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "जाऊदे मावशी, घेतो हेच. सेकंड इयरला ट्रान्सफर मारतो."

मी डिप्लोमाला शिकवते त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीतली, नात्यातली पोरं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतातच, आणि दरवर्षी फिरून फिरून हीच दोन वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे ताईचं आणि एक म्हणजे भाच्याचं. पोरं हुशार असतात, आईवडील धडपडत असतात, पण ही सिस्टिम आतून कशी चालते हे कुणी त्यांना बसवून सांगितलेलंच नसतं, आणि मग नको तिथे अपराधी वाटत राहतं आणि नको तिथे आशा लागून राहते. म्हणून त्या रात्री टेबलावर जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितेय. बोलणं इंजिनिअरिंगचं आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे, पण बरंचसं बाकीच्या कोर्सेसनाही लागू पडतं.

आधी पर्सेंटाइल, कारण ते टक्के नाहीत

एमएचटी-सीईटी म्हणजे या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा, तिचा पीसीएमचा पेपर २०० मार्कांचा असतो, गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एक मार्काचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण तो सगळ्यांना एकाच दिवशी देत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी सकाळ-दुपार अशा शिफ्टमध्ये होतो आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. कुणाला सोपा येतो, कुणाला अवघड. मग नुसते मार्क शेजारी शेजारी ठेवून तुलना केली तर अवघड पेपरवाल्यावर अन्याय होईल, म्हणून प्रत्येकाला त्याच्याच शिफ्टमधल्या मुलांशी ताडून बघतात: तुझ्या शिफ्टमध्ये तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क शेकडा किती जणांना आहेत? तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल.

म्हणजे ९२.४ पर्सेंटाइल म्हणजे ९२.४ टक्के मार्क नव्हेत, तर शंभरातली साडेसात-एक मुलं तुझ्या पुढे आहेत. हे ऐकायला छान वाटतं, पण शंभराच्या जागी खरा आकडा ठेवून बघा. समजा ४ लाख मुलांनी पीसीएमचा पेपर दिला, तर ७.६ टक्के म्हणजे ३०,४०० मुलं पुढे. आणि ९२.४ आणि ९३.१ यांच्यातलं ते दिसायला चिमूटभर अंतर आहे ना, त्यात २,८०० मुलं उभी आहेत. हे मी भाच्याला कागदावर करून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पॉइंट सातने गेलं हे खरंच पॉइंट सात नाहीये." नाहीच आहे.

बारावीला ८५ टक्के पडले आणि सीईटीला ७० पर्सेंटाइल आलं तर पोरगं बिघडलं असं समजणारे पालक मी पाहिलेत. दोन्ही आकडे वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत हो. टक्के सांगतात तुला किती आलं, पर्सेंटाइल सांगतं रांगेत तू कुठे उभा आहेस. रांगेत तुमच्या पुढे कोण आहे हे काही तुमच्या हातात नसतं.

कटऑफ हा लासलगावचा भाव आहे

आता ताईचं वाक्य. गेल्या वर्षी ९१ ला बंद झालं, मग यंदा ९२.४ ला का नाही?

आपल्याला वाटतं कटऑफ म्हणजे कॉलेजने लावलेली अट, दारावर पाटी, ९१ च्या वर असाल तर आत या. तसं नसतं. जागा ठरलेल्या असतात, मुलं मेरिटने भरत जातात, आणि शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली त्याचं जे पर्सेंटाइल ते त्या वर्षीचं कटऑफ. म्हणजे ते सगळं झाल्यावर मागे वळून लिहिलेलं असतं, आधी कुणी ठरवलेलं नसतं. लासलगावला काल कांदा अमुक भावाने गेला म्हणून आज तोच भाव मिळेल असं कुठला शेतकरी धरून चालत नाही, आज आवक किती, बाहेर मागणी किती यावर तो ठरतो. कटऑफचंही तेच, जागा म्हणजे आवक आणि मुलांची पसंती म्हणजे मागणी.

आणि दोन्ही हलतात. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी एका ब्रांचला किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा काढली, त्यामुळे काही मोठ्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या, आणि तिकडे जागा वाढल्या की इकडचा मेरिटवाला तिकडे सरकतो, मग इकडचं कटऑफ खाली येतं. उलट एखाद्या ब्रांचची हवा झाली की तिचं कटऑफ एका वर्षात चढतं. म्हणून एकाच वर्षाचा आकडा डोक्यात धरून ठेवू नका, मागच्या तीन वर्षांचे आकडे घ्या आणि त्यातला वरचा आणि खालचा बघा.

अजून एक, ती कटऑफची पीडीएफ नीट वाचायला शिका. त्यात GOPENH (जीओपनएच) असे जे गिचमिड कोड असतात ते खरं तर सरळ आहेत. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल असेल तर मुलींच्या राखीव जागा. मध्ये कॅटेगरी: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे कॉलेज ज्या युनिव्हर्सिटीच्या हद्दीत आहे तिथल्या मुलांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांसाठी, एस म्हणजे सगळ्या राज्याला खुल्या. आपल्या नाशिकची होम युनिव्हर्सिटी म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिच्यात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात, म्हणजे नाशिकचं पोरगं पुण्याच्या कॉलेजातही होमवालंच धरलं जातं. आणि हो, पुण्याचं पोरगंही नाशिकमध्ये होमच. ताई ज्या ९१ बद्दल बोलत होती ना, तो आकडा मी पीडीएफमध्ये शोधून काढला, तो दुसऱ्याच कोडच्या रकान्यातला होता. भाच्याच्या रकान्यात गेल्या वर्षीही ९२ च्या वरच बंद झालं होतं. शेजारच्यांनी आकडा सांगितला, तो कुठल्या रकान्यातला हे कुणी विचारलं नाही, आणि त्या आकड्यावर घरात महिनाभर बेत रचले गेले.

कॉम्प्युटर सीट वाटतो कशा

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, सगळ्या कॉलेजांच्या जागा एका ठिकाणाहून वाटायची पद्धत. तुम्ही ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज आणि ब्रांचची नावं पसंतीच्या क्रमाने भरता आणि मग मशीन वाटतं.

हे समजायला लग्नाचं कार्यालय डोळ्यासमोर आणा. बाहेरगावहून तीस पाहुणे आलेत, खोल्या वीस, काही एसीच्या, काही तळमजल्यावरच्या, काही जिन्याखालच्या. खोल्या वाटायला एक काका बसलेत आणि त्यांनी नियम केलाय की वयाने मोठा तो आधी. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली पसंती लिहून दिलीय. काका सगळ्यात मोठ्या आजोबांची चिठ्ठी उघडतात, त्यांची पहिली पसंतीची खोली रिकामी आहे, देऊन टाकली. मग पुढच्या आजींची चिठ्ठी, पहिली पसंती गेलेली, दुसरी आहे, दिली. असं खाली खाली येत तुमची चिठ्ठी उघडली जाते. तुमची पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी रिकामी आहे, ती तुमची.

वयाच्या जागी मेरिट नंबर ठेवा, खोल्यांच्या जागी सीट. आत आरक्षणाचे, होम-ओचे वेगवेगळे मजले आहेत त्यामुळे खरं गणित जास्त किचकट आहे, पण गाभा हाच. अशा वाटपाच्या पद्धतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये मांडला, आणि पुढे २०१२ मध्ये शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना याच विषयातल्या कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मुद्दाम सांगतेय कारण पुष्कळ लोकांना वाटतं हे कुणीतरी ऑफिसात बसून मनाला येईल तसं करतं. वाटणी यादीने होते आणि यादी मेरिटने लागते.

"पण अवघडातलं कॉलेज वर टाकलं तर नंबर फुकट जाईल ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि याचं उत्तर चुकीचं माहीत असल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं.

नाही जात. कार्यालयात परत या. तुम्ही चिठ्ठीवर पहिली एसीची खोली लिहिली आणि ती आधीच गेलेली निघाली, तर काका तुम्हाला रांगेच्या शेवटी पाठवत नाहीत, तिथेच उभं ठेवून तुमची दुसरी पसंती बघतात. तुमच्या मागे उभ्या असलेल्याची चिठ्ठी तुमची पूर्ण वाचून झाल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे मागच्याने तुमची चौथी खोली त्याच्या पहिल्या नंबरवर लिहिली असली तरी ती आधी तुम्हाला मिळणार, कारण तुम्ही रांगेत त्याच्या पुढे आहात.

तरीही घाबरून लोक उलटं करतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने कुणीतरी सांगितलं म्हणून "सेफ" कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, आवडतं कॉलेज पाचव्यावर. पहिलं मिळालं, अर्थात मिळणारच होतं, आणि नंतर कळलं की आवडत्या कॉलेजला त्याच्यापेक्षा कमी मेरिटचा मुलगा लागला. ते मिळालं असतं. फॉर्मवर क्रम खरा लिहिला असता तर मिळालं असतं. त्या घरात त्यावर अजून कुणी बोलत नाही.

आणि आता तर क्रम चुकवणं आणखी महागात पडतं, कारण फ्रीझचा नियम आलाय. फ्रीझ म्हणजे ही सीट मला मान्य, मी पुढच्या राउंडमध्ये नाही. २०२५ च्या प्रवेशात चार राउंड झाले आणि त्यात असं होतं की पहिल्या राउंडला पहिल्या नंबरची पसंती मिळाली तर ती आपोआप फ्रीझ, दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनातली मिळाली तर आपोआप फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहातली, आणि चौथ्या राउंडला जे मिळेल ते शेवटचं. आपोआप फ्रीझ झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. म्हणजे पहिल्या नंबरवर लिहिलेलं नाव हे "मिळालं तर याच्यापुढे मला काही बघायचं नाही" असंच असलं पाहिजे. नियम वर्षाला बदलू शकतात तेव्हा ज्या वर्षी फॉर्म भरताय त्या वर्षीचं माहितीपुस्तक उघडून हे एक पान तरी स्वतः वाचा, क्लासवाल्या सरांच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

फ्रीझ आपोआप झालं नसेल तर दुसरा पर्याय बेटरमेंट, म्हणजे हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्सचे भरून मिळालेली सीट धरून ठेवायची आणि पुढच्या राउंडला आणखी चांगली मिळते का बघायचं. इथे ताईने विचारलं, "आणि हातातली गेली तर?" वरची मिळाली नाही तर हातातली जात नाही. पण वरची मिळाली की हातातली आपोआप सुटते आणि परत मागता येत नाही. त्यामुळे पुढच्या राउंडच्या फॉर्ममध्ये हातातल्या सीटपेक्षा खरोखर चांगली वाटतात तेवढीच नावं लिहायची. भाच्याने आधी बावीस नावं लिहिली होती, त्यातल्या प्रत्येकावर बोट ठेवून मी एवढंच विचारलं, हे मिळालं तर आत्ताचं सोडताना आनंद होईल का? शेवटी चार उरली.

आता ट्रान्सफर

"सेकंड इयरला ट्रान्सफर मारतो" हे वाक्य फार सोपं वाटतं म्हणायला, जणू सीमकार्ड पोर्ट करायचंय.

नाशिकहून पुण्याला निघालेली एसटी डोळ्यासमोर आणा. गाडी सीबीएसवरून भरून सुटली, तुम्हाला जागा मिळाली नाही, तुम्ही मागच्या गाडीत बसलात. आता संगमनेरला तुम्हाला उतरून पुढच्या गाडीत बसायचंय. बसता येईल, पण त्या गाडीतून संगमनेरला कुणीतरी उतरलं पाहिजे. सेकंड इयर म्हणजे संगमनेरचा स्टॉप. तिथे सीट रिकामी असेल तरच आत जाता येतं, कॉलेज वाढीव जागा काढून देऊ शकत नाही.

आणि चांगल्या गाडीतून उतरतं कोण? थोडीच मुलं. कुणी परत जेईई देऊन एनआयटीला गेलं, कुणाला मेडिकल मिळालं, कुणी फर्स्ट इयरलाच अडकलं. शिवाय संगमनेरच्या स्टॉपवर आणखी एक रांग आधीच उभी असते आणि ती माझ्या पोरांची आहे, डिप्लोमावाल्यांची. डिप्लोमा झालेल्या मुलांना थेट सेकंड इयरला प्रवेश असतो, त्याची वेगळी कॅप होते, मंजूर जागांच्या दहा टक्के जागा तर त्यांच्यासाठी असतातच, आणि फर्स्ट इयरच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्या प्रवेशात जातात. म्हणून डिमांडवाल्या कॉलेजात, डिमांडवाल्या ब्रांचला ट्रान्सफरसाठी जागा उरणं अवघड असतं. हे कुणाचं कारस्थान नाही, ती पोरंही तीन वर्षं घासून आलेली असतात.

मग ट्रान्सफर होतच नाही का? होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, डिप्लोमाची नाही, शेजारची, लहानपणी माझ्याकडे गणिताला यायची, तिची झाली. घरी वडिलांचं आजारपण होतं आणि दुसऱ्या शहरात राहणं परवडत नव्हतं, म्हणून नाशिकला परत यायचं होतं. तिला जे जे लागलं ते सांगते म्हणजे अंदाज येईल. जिथे जायचं त्या कॉलेजात त्याच ब्रांचला रिकामी सीट असल्याची खात्री. फर्स्ट इयर सगळे विषय पास, एकही बॅकलॉग नको. जुन्या कॉलेजची एनओसी, नव्या कॉलेजची एनओसी, युनिव्हर्सिटीची मान्यता, युनिव्हर्सिटी बदलत असल्यामुळे मायग्रेशन सर्टिफिकेट, मार्कशीट, टीसी, आणि फर्स्ट इयरच्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस कॉलेजच्या सही-शिक्क्याने. या शेवटच्या गोष्टीला सगळे हसतात पण तीच सगळ्यात जास्त अडते, कारण आता बरीच कॉलेजं ऑटोनॉमस झालीयेत, म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा त्यांची स्वतःची, आणि तुम्ही जे शिकलात ते इथल्या विषयाशी जुळतं का हे कुणीतरी बसून तपासतं. नाही जुळलं तर तेवढा विषय परत द्यायला लागतो.

तिच्या जुन्या कॉलेजने एनओसी द्यायला तीन आठवडे लावले. रोज खिडकीवर एकच उत्तर, साहेबांच्या टेबलावर आहे. ती पोरगी पहाटेच्या गाडीने जायची, दुपारपर्यंत बाकावर बसायची, रात्री परत यायची. शेवटी तिसऱ्या आठवड्यात तिने लेखी अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, तारीख आणि शिक्का, आणि चौथ्या दिवशी कागद हातात आला. म्हणून माझं सांगणं आहे, पहिल्या दिवशीच अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आणि एनओसी अर्ज करण्यापुरती मिळवा, पण नव्या कॉलेजचं पक्कं पत्र हातात येईपर्यंत जुन्या कॉलेजचा प्रवेश रद्द करू नका, टीसी काढू नका. तेवढ्या घाईने दोन्हीकडून लटकलेलं पोरगंही मी बघितलंय.

कॉलेज तेच ठेवून ब्रांच बदलणं हा बऱ्याचदा जास्त जवळचा रस्ता असतो. फर्स्ट इयरच्या मार्कांवर, रिकाम्या जागेत, पुष्कळ कॉलेजं ही सोय देतात, त्याचा नियम प्रवेशाच्या वेळीच ऑफिसात विचारून ठेवा. दोन्हीसाठी लागणारी गोष्ट एकच, फर्स्ट इयरचे मार्क. नको असलेल्या कॉलेजात आलो म्हणून पहिलं सेमिस्टर रुसून घालवणारा मुलगा ट्रान्सफरचं दार स्वतःच्या हाताने लावून घेतो, हे मला फार लागतं, कारण दर वर्षी दिसतं.

"पण आता एनईपी आलीय, क्रेडिट कुठेही नेता येतात म्हणे"

अर्धं खरं. एनईपी म्हणजे नवं शैक्षणिक धोरण. २०२१ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, लोक तिला एबीसी म्हणतात. हे क्रेडिटचं, म्हणजे पास झालेल्या विषयांबद्दल मिळणाऱ्या गुणांकांचं, पासबुक आहे. तुम्हाला बारा आकडी नंबर मिळतो, तुम्ही जे विषय पास होता त्यांचे क्रेडिट त्या खात्यात जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि डिग्री ज्या संस्थेची घ्यायची तिथे निम्मे तरी क्रेडिट कमवावे लागतात.

पण पासबुकात पैसे आहेत म्हणून फ्लॅट मिळत नाही, फ्लॅट विकायला असावा लागतो. एबीसीमुळे तुमचा शिकलेला अभ्यास वाया जायची भीती कमी झाली, सीट तिच्यामुळे तयार होत नाही. बीए, बीकॉम, बीएस्सीला हे जास्त उपयोगी पडतं, तिथे जागांची एवढी मारामारी नसते आणि एकाच युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत बदली त्या मानाने सरळ होते.

फीचं पण सांगते. इंजिनिअरिंगला कॅपमध्ये ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर हजार रुपये कापून बाकी परत मिळतात, तारीख गेली की विसरा. साध्या डिग्री कोर्सेसना यूजीसीने २०१८ मध्ये टप्पे ठरवून दिले होते (नंतरच्या काही वर्षांत वेगळ्या तारखा दिल्या, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक बघा): शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा जास्त आधी सोडलं तर पूर्ण फी, त्यात फार तर पाच टक्के, तेही पाच हजारांच्या वर नाही इतकं कापायचं, मग तारखेला पंधरा दिवसांहून कमी उरले असताना नव्वद टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी, तीस दिवसांपर्यंत पन्नास, त्यानंतर शून्य. आणि ओरिजनल कागदपत्रं कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत, बघून परत द्यायची, हेही त्याच आदेशात आहे.

"पैसे भरून मॅनेजमेंटमधून घेऊ की"

खासगी कॉलेजांत काही जागा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या असतात, लोक त्यांनाच मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्या कॉलेज स्वतः भरतं, आणि त्याही जाहिरात देऊन, मेरिट यादी लावून भरायच्या असतात. त्या घेणं बेकायदा नाही. पावतीशिवाय मागितलेलं डोनेशन मात्र बेकायदा आहे, महाराष्ट्रात त्याच्याविरुद्ध १९८७ पासून कायदा आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे, सरकारी फी सवलती बहुतेक करून कॅपमधून आलेल्या मुलांना मिळतात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती घ्या, किंवा २०२४ च्या जुलैमध्ये निघालेला निर्णय, ज्यात घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. एखादी मुलगी कॅपमधली बरी सीट सोडून "नाव मोठं" म्हणून कोट्यातून गेली तर चार वर्षांची ही सगळी रक्कम घरच्यांच्या डोक्यावर येते. मागच्या वर्षी असं एक घर थोडक्यात वाचलं, वडील अंबडला कंपनीत कामाला, एफडी मोडायला बँकेत जाऊन उभे होते. जायच्या आधी पूर्ण चार वर्षांचा हिशोब कागदावर मांडा, हॉस्टेल आणि मेससकट.

घरात काय होतं तेव्हा

सगळे नियम कळले तरी त्या रात्री पोट ढवळतंच. भाचा माझ्याकडे तीन तास होता आणि त्यातला पहिला तास त्याने फोन उलटा ठेवला होता कारण क्लासच्या ग्रुपवर सगळे आपापली अलॉटमेंट टाकत होते. मी त्याला नियम सांगायला घेतले ते त्याने स्वतः लॅपटॉप माझ्याकडे वळवल्यावर. त्याआधी थालीपीठ केलं आणि त्याने दोन खाल्ली.

पालकांना एक विनंती आहे. अलॉटमेंट लागल्याच्या दिवशी नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, पोराच्या हातात देऊ नका. "काय मिळालं?" ला "राउंड चालू आहेत" एवढं उत्तर पुरतं आणि ते खरंही असतं. दुसऱ्याचं पोर कुठे लागलं हा विषय चार दिवस तरी घरात नको. कॉलेज रोडवरून जाताना क्लासच्या बोर्डावरचे फोटो बघून "यात तू असतास" असं म्हणणारे वडील मी ऐकलेत, त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण मागे बसलेला पोरगा ते वाक्य बरीच वर्षं विसरत नाही.

दोन-तीन दिवस उदास राहणं ठीक आहे, त्याला राहू द्या. पण जेवण तुटलं, झोप गेली, पोरगं खोलीतून बाहेर येईना किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर वाट बघू नका, शेजारी बसा आणि मदत घ्या. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पालकांनीही फोन केला तरी चालतो.

ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा द्यायची का, हेही त्या आठवड्यात विचारू नका. ड्रॉप चुकीचा नाही, पण तो मार्क कुठे आणि कशामुळे गेले हे पेपर समोर ठेवून बघितल्यावर घ्यायचा निर्णय आहे, रागात घ्यायचा नाही. आणि हातातली सीट सोडून घेताय की ठेवून, हे आधी ठरवा.

दुसऱ्या राउंडला भाच्याच्या चार नावांपैकी काही आलं नाही. तिसऱ्यालाही नाही. चौथ्याच्या निकालानंतर ताईने फोन केला तेव्हा आवाज शांत होता, म्हणाली अकरावंच राहिलं, उद्या रिपोर्टिंगला जातोय, टीसी, नॉन-क्रिमिलेयर, फोटो सगळं फाइलला लावलंय. मग फोन भाच्याने घेतला. म्हणाला, कॉलेजच्या ऑफिसात ब्रांच बदलायचा नियम विचारून आलोय, फर्स्ट इयरच्या सीजीपीएवर यादी लावतात, कॉम्प्युटरला गेल्या वर्षी तीन जागा होत्या. आणि मग, "मावशी, पहिल्या सेमच्या मॅथ्सचं पुस्तक असेल ना तुझ्याकडे? रविवारी येतो न्यायला."